तपास नाही, नमुना नाही, आणि दोष मात्र खारीचा

गावात जुलाबाची साथ आली की दोष कुणाच्या माथी मारायचा हे पहिल्याच दिवशी ठरून जाते, आणि तो कशाच्या आधारावर मारला असे विचारणाऱ्यालाच वेड्यात काढले जाते, याचा मला आता मनापासून संताप येतो. पाण्याच्या टाकीत टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर टाकली जाते, क्लोरीन तपासण्याच्या ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले की ते शुद्ध असल्याची नोंद वहीत होते, आणि तरीही घरोघरची लहान मुले आजारी पडतच राहिली की सगळ्यांची बोटे टाकीच्या झाकणावर पळणाऱ्या खारींकडे वळतात. "मॅडम, खारीच लेंड्या टाकायल्यात पाण्यात, दुसरं काय असणार?" हे मी लातूर जिल्ह्यातल्या गावांत ऐकले, परभणी जिल्ह्यात ऐकले, आणि ज्यांनी असे बोलताना दहा वेळा विचार करायला हवा अशा शिकल्यासवरल्या माणसांच्या बैठकीतही ऐकले.

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि खारी, उंदीर, घुशी यांच्या आतड्यांतील परजीवींवर काम करते. खारीच्या पोटात परजीवी असतात हे खरे आहे, त्यांतले काही माणसालाही बाधू शकतात हेही खरे आहे. परंतु एवढ्यावरून या टाकीतला रोग या खारीनेच दिला असे म्हणता येत नाही. त्यासाठी परजीवीचे नुसते कुळ कळून भागत नाही, त्याचा नेमका प्रकार कळावा लागतो, आणि तो प्रकार जनुकांच्या तपासणीशिवाय कळत नाही. ही साधी गोष्ट समजावून सांगताना माझी निम्मी शक्ती खर्च होते आणि उरलेली निम्मी शक्ती ती तपासणी इथे करता यावी म्हणून धडपडण्यात जाते.

क्रिप्टोस्पोरिडियमचेच पाहा. अर्नेस्ट टिझर यांनी १९०७ मध्ये उंदराच्या जठरात आढळलेल्या या परजीवीचे वर्णन केले, आणि त्यानंतर जवळपास सत्तर वर्षे तो केवळ जनावरांचा परजीवी समजला गेला. माणसांतील पहिले रुग्ण १९७६ मध्ये नोंदवले गेले. विष्ठेवाटे बाहेर पडणारे त्याचे कवचबंद रूप, ज्याला ऊसिस्ट म्हणतात, ते जेमतेम चार ते सहा मायक्रॉनचे असते, आणि आपण टाकीत ज्या प्रमाणात क्लोरीन टाकतो त्याने ते मरत नाही. पाणी उकळल्याने मरते. ओटी चाचणी पाण्यात क्लोरीन आहे की नाही एवढेच सांगते, परजीवी आहे की नाही हे ती सांगूच शकत नाही, तरीही 'ओटी पॉझिटिव्ह' या दोन शब्दांवर सगळी चौकशी गुंडाळली जाते. २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिका आणि दक्षिण आशियातील सात ठिकाणी झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यात आपले कोलकाताही होते, तान्ह्या मुलांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांच्या कारणांत रोटाव्हायरसच्या पाठोपाठ क्रिप्टोस्पोरिडियमचाच क्रमांक लागला. असे असताना आमच्याकडे शौचाच्या नेहमीच्या तपासणीत तो शोधलाच जात नाही, कारण त्यासाठी नमुन्याचे वेगळे रंजन करावे लागते, म्हणजे परजीवी दिसावा म्हणून त्याला खास रंग द्यावा लागतो, आणि ते डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिल्याशिवाय कुणी करत नाही. अहवालात 'काही आढळले नाही' असे छापून येते. जे शोधलेच नाही ते आढळणार कसे?

समजा रंजन केले आणि काचेवर गुलाबी गोल ठिपके दिसले, तरी प्रश्न संपत नाही. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. एकसारखे दिसणारे ते ठिपके क्रिप्टोस्पोरिडियमच्या चाळीसहून अधिक प्रजातींपैकी कुणाचेही असू शकतात. माणसाला मुख्यतः होमिनिस आणि पार्वम या दोन प्रजाती बाधतात, आणि त्यांतल्या होमिनिसला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळाले तेच मुळी २००२ मध्ये; तोपर्यंत माणसाकडून माणसाला होणारा आणि वासराकडून माणसाला होणारा संसर्ग एकाच नावाखाली मोजला जात होता. जिआर्डिया ड्युओडेनॅलिस या आतड्यातल्या दुसऱ्या परजीवीचेही तेच. त्याचे ए पासून एच पर्यंत गट आहेत. ए आणि बी माणसांत आढळतात, सी आणि डी कुत्र्यांत, ई गुराढोरांत, एफ मांजरांत, तर जी उंदीर-घुशींत. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे एकाच चेहऱ्याचे दिसतात. एंटेरोसायटोझून बिएन्युसी हा आतड्यातला तिसरा परजीवी तर त्याहून लहान, त्याचे बीजाणू दीड मायक्रॉनच्या आसपास, आणि त्याचे शेकडो जनुकीय प्रकार नोंदलेले आहेत; त्यांतले काही अनेक प्राण्यांत आणि माणसांतही फिरतात, काही एकाच प्राण्याला धरून राहतात. घुशीच्या विष्ठेत 'जिआर्डिया सापडला' एवढेच लिहून अहवाल बंद करणारा माणूस काहीही सांगत नसतो, आणि त्या अर्धवट अहवालावर गावाचा निवाडा होतो.

बिळात राहणाऱ्या भूखारींचे उदाहरण मी दरवेळी देते. आपल्याकडची पाठीवर पट्टे असलेली खार झाडावर राहते. भूखारींचे हे कुळ आपल्या पठारावर नाही, त्यांचे नातलग पाहायचे तर लडाखमधल्या मार्मोट या बिळात राहणाऱ्या प्राण्याकडे जावे लागेल. कॅलिफोर्नियात मात्र या भूखारी कुरणांत आणि पाणलोट क्षेत्रांत मोठ्या संख्येने राहतात, त्यांच्या विष्ठेतून ऊसिस्ट भरपूर बाहेर पडतात, आणि हे लक्षात आल्यावर तिथेही पिण्याच्या पाण्याची चिंता वाटू लागली होती. परंतु तिथल्या संशोधकांनी लेंड्या गोळा केल्या, जनुकांचे तुकडे वाढवून त्यांतला अक्षरक्रम वाचला, आणि त्यातून पुढे आलेल्या, मुख्यतः त्या भूखारींतच आढळणाऱ्या वेगळ्या प्रजातीला २०१५ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम रुबेयी असे नाव दिले. याचा अर्थ खारी नेहमी निर्दोष असतात असा नाही. क्रिप्टोस्पोरिडियमचीच युबिक्विटम ही प्रजाती शेळ्या-मेंढ्यांत, खारींत आणि माणसांतही आढळते, आणि शेळ्या तर आपल्या प्रत्येक वस्तीवर आहेत. म्हणूनच तर वाचावे लागते. एका रानातल्या खारींत काय आहे हे दुसऱ्या रानातल्या खारींवरून सांगता येत नाही, आणि कॅलिफोर्नियातल्या भूखारींवरून आमच्या लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याच्या खारींबद्दल तर मुळीच सांगता येत नाही.

अमेरिकेतच मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियमची साथ आली आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेले होते, त्यात क्लोरीनही होते. संशय गुरांच्या गोठ्यांवर आणि कत्तलखान्यांवर गेला होता. चार वर्षांनी, १९९७ मध्ये, जपून ठेवलेल्या रुग्णांच्या नमुन्यांतील जनुके तपासली गेली तेव्हा तो माणसांत फिरणारा प्रकार निघाला; म्हणजे शोध माणसाच्या सांडपाण्याच्या दिशेने घ्यायला हवा होता. हे कळू शकले, कारण नमुने जपून ठेवलेले होते.

आमच्याकडे नमुना जपून ठेवणे हीच रोजची लढाई आहे, आणि माझा सगळ्यात मोठा राग त्यावर आहे. खारीच्या लेंड्या गोळा करायला पहाटे झाडाखाली स्वच्छ प्लास्टिक अंथरावे लागते, कारण जमिनीवर पडलेल्या लेंडीत उंदराची लेंडी मिसळली की सगळा हिशेब बिघडतो. काळपट, तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या लेंड्या चिमट्याने एकेक उचलून अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात टाकायच्या, कुपीवर झाड, तारीख, वेळ लिहायची आणि चार अंशांवर ठेवायच्या. डीएनए काढण्याआधी ते द्रावण पुन्हा पुन्हा धुऊन काढायचे, नाहीतर पुढची पीसीआर, म्हणजे जनुकांचे तुकडे वाढवण्याची प्रक्रिया, चालत नाही. काही नमुने उणे वीस अंशांवर गोठवायचे, आणि पीसीआरची एन्झाइमेही तिथेच. मग गावाजवळची डीपी जळते. लाइनमनला फोन केला की तो सांगतो, ऑइल नाही, दोन दिवस लागतील. इन्व्हर्टर दिवे आणि पंखे चालवतो, फ्रीजर चालवत नाही. परत वीज येते तेव्हा एकच फेज येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, आणि कुपीतला बर्फ वितळतो, गोठतो, वितळतो.

यात नेमके काय बिघडते ते सांगते, कारण 'परत गोठवा की मॅडम' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ऊसिस्टचे कवच इतके चिवट असते की त्यातून डीएनए बाहेर काढण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम त्याला पुन्हा पुन्हा गोठवतो आणि वितळवतो. तसे केल्यावरच कवच फुटते. तेच गोठणे-वितळणे विजेच्या लहरीवर आमच्या पाठीमागे फ्रीजरमध्ये होत राहिले की कवच विष्ठेतच फुटते, आतला डीएनए उघडा पडतो आणि विष्ठेतल्या जीवाणूंची एन्झाइमे त्याचे तुकडे करून टाकतात. नंतर पीसीआर केली तर परजीवीच्या डीएनएची खूण असलेला पट्टा उमटत नाही. असा नमुना 'निगेटिव्ह' दिसतो, आणि हे सर्वांत घातक आहे. कारण त्यात परजीवी नव्हता म्हणून तो निगेटिव्ह नसतो, वीज नव्हती म्हणून असतो. नेस्टेड पीसीआरमध्ये एकामागून एक दोन फेऱ्या असतात, प्रत्येक फेरीला काही तास लागतात, आणि मधेच वीज गेली की अख्खी ताटली फेकून द्यावी लागते. त्या ताटलीतले रसायन कुणाच्या तरी शिष्यवृत्तीच्या पैशांतून आलेले असते. माझी विद्यार्थिनी रात्री यंत्राशेजारी बसून राहते, आणि सकाळी तिच्या हातात काहीही नसते.

अक्षरक्रम वाचण्यासाठी नमुना पुण्याला किंवा हैदराबादला पाठवायचा. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि रसायनांची खोकी येतात ती कुरिअरच्या पत्र्याच्या गाळ्यात दिवसभर पडून राहून. आत बर्फाच्या पिशवीच्या जागी कोमट पाणी असते. खोक्यावर 'थंड ठेवा' असे ठसठशीत लिहिलेले असते. तक्रार केली की 'डिलिव्हरी झालेली दाखवतेय, मॅडम' असे उत्तर मिळते.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे 'उपयोग काय?' हा प्रश्न. फ्रीजरला स्वतंत्र जनित्र मागितले की विचारतात, खारीच्या लेंडीसाठी जनित्र? रानात सापळे लावण्याची परवानगी मागितली की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा संशोधनासाठी परवानगी मागायला लावतो हे योग्यच आहे, माझी त्याला कधीच हरकत नव्हती; हरकत आहे ती अर्ज वाचताना हसणाऱ्यांना. हीच माणसे साथ आली की सर्वांत आधी मला विचारतात, "खारीमुळेच झालं ना हे? हो की नाही तेवढं सांगा." हो की नाही हे सांगण्यासाठी जे लागते ते द्यायचे नाही, आणि उत्तर मात्र संध्याकाळपर्यंत हवे.

उत्तर न मिळाल्यावर काय होते ते मी पाहिले आहे. टाकीभोवती आणि शाळेच्या भिंतीलगत उंदीर मारायच्या औषधाच्या गोळ्या टाकल्या जातात. खारी मरतात, त्या खाऊन मांजर मरते, आणि ज्या आवारात लहान मुले डबा खातात तिथे विष पडून राहते. रामाने खारीच्या पाठीवरून बोटे फिरवली ही गोष्ट ज्या शाळेत सांगितली जाते त्याच शाळेत हे घडते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे. टाकीच्या शेजारून जाणारी फुटकी गटार तशीच राहते, तिच्यातून गळणारे पाणी जलवाहिनीच्या सांध्यापर्यंत पोहोचते हे प्लंबरलाही माहीत असते, परंतु गटारीवर बोट ठेवले तर खर्च करावा लागतो. खारीवर बोट ठेवायला काहीही खर्च येत नाही.

मला खारीचे वकीलपत्र घ्यायचे नाही. खारींच्या नमुन्यांत पार्वम किंवा माणसाला बाधणारा दुसरा प्रकार निघाला, आणि तोच प्रकार आजारी मुलांतही निघाला, तर ते मी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या आवाजात सांगेन, प्रत्येक टाकीला घट्ट झाकण आणि जाळी बसेपर्यंत कुणाला स्वस्थ बसू देणार नाही. तोवर पाणी उकळून प्या हे सांगायला कुठल्याही तपासाची गरज नाही. परंतु प्रकार कळण्यासाठी आजारी मुलांचे नमुने, टाकीतले पाणी, शेळ्यांच्या आणि खारींच्या लेंड्या एकाच आठवड्यात गोळा व्हायला हव्यात आणि त्या वाचल्या जाईपर्यंत गोठलेल्या राहायला हव्यात. पुढच्या बैठकीला मला बोलावणार असाल तर विषयपत्रिकेवर चोवीस तास वीज असलेला एक फ्रीजर आणि ही एकत्र नमुने घेण्याची परवानगी हे दोन विषय घ्या, आणि ते घेणार नसाल तर दोष कुणाचा हा विषयही त्या पत्रिकेवरून काढून टाका.