पाणबुड्यांचे सिलिंडर भट्टीत का घालू नयेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, कुपवाड एमआयडीसीतली पावडर कोटिंगची (रंगाची भुकटी मालावर बसवून ती भाजून पक्की करण्याची) भट्टी जेमतेम २०० अंशांवर चालते आणि मोटारसायकलची अलॉय व्हील्स तिथून सहज रंगून येतात. तेव्हा पाणबुड्यांचे, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांचे, हवेचे सिलिंडर रंगासाठी भट्टीत घालू नका असे लिहून मी कृष्णाकाठच्या बचाव पथकांना विनाकारण घाबरवतो आहे, असे आपण लिहिले आहे. आपली माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

प्रश्न वितळण्याचा नाहीच. आजचे बहुतेक ॲल्युमिनियम सिलिंडर ६०६१ या मिश्रधातूचे असतात आणि त्यांची ताकद उष्णोपचारातून येते. धातू सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून एकदम थंड करतात आणि मग १६० ते १८० अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवतात. त्या वेळी त्याच्या पोटात मॅग्नेशियम व सिलिकॉनचे जे अतिसूक्ष्म कण तयार होतात, तेच त्याला बळकटी देतात. पावडर कोटिंगची भट्टी नेमकी याच तापमानाला किंवा त्याच्याही वर चालते. तिथे हे कण मोठे आणि विरळ होत जातात, धातू मऊ पडतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. शिवाय प्रत्येक खेपेचे नुकसान आधीच्या नुकसानीत मिळवले जाते. अलॉय व्हीलच्या पोटात २०७ बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट, दाब नसतो. या सिलिंडरात असतो, आणि तो पाठीवर बांधून माणूस पाण्यात उतरतो.

दुसरा धोका भट्टीच्या आधीचा. कोटिंगपूर्वी माल टाक्यांत बुडवून साफ करतात; लोखंडी मालासाठी भरलेल्या या टाक्यांतले आम्ल किंवा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो.

हाताने दिलेला रंग वर्षभरात सोलला जातो, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे, आणि प्रायमरबद्दल मी पुरेसे लिहिले नव्हते हे मान्य करतो. व्हॉल्व्ह बंद ठेवून, तळाचा रबरी बूट काढून (मालवणहून आलेल्या सिलिंडरात खारे पाणी तिथेच साचते) जुना रंग वॉटर पेपरने हलक्या हाताने घासावा, ॲल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, द्यावा आणि त्यावर हवेत वाळणाऱ्या पॉलियुरेथेन रंगाचे पातळ हात मारावेत. खांद्यावरचे ठसे झाकू नयेत; चाचणीची तारीख तिथेच वाचायची असते.

आपला सिलिंडर भट्टीतून आधीच निघाला असेल, तर कृपया तो भरू नका. हवा सोडून तो मान्यताप्राप्त चाचणी केंद्रात न्या आणि भट्टीचे तापमान व वेळ तिथे न लपवता सांगा.