मेफ्लॉवरवर पाद्री नव्हताच, मग पळालं कोण?

न्यू जर्सीच्या आतेभावाने थँक्सगिव्हिंगच्या निमित्ताने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि आत्याने तो लगेच भजनी मंडळाच्या ग्रुपवर ढकलला. म्हणे "इंग्लंडचे प्युरिटन पाद्री राजाला घाबरून मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला पळाले, तिथे सगळ्यांना धर्मस्वातंत्र्य दिलं आणि सालेममध्ये शेकडो बायका चेटकीण म्हणून जाळल्या." अरे, स्वातंत्र्य पण दिलं आणि जाळलं पण? एकदा वाचून तरी बघा!

प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चमध्ये आणखी सुधारणा हवी म्हणणारे कडवे प्रोटेस्टंट. १६२० च्या मेफ्लॉवरवर पाद्री नव्हताच. त्या मंडळींचा पाद्री जॉन रॉबिन्सन हॉलंडमध्ये लायडनला मागे राहिला आणि १६२५ ला तिथेच वारला. पुढे १६३३ मध्ये बिशप लॉडच्या (हाच नंतर आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा मुख्य धर्मगुरू झाला) जाचामुळे जॉन कॉटन, थॉमस हूकर वगैरे बडे प्युरिटन पाद्री अमेरिकेला गेले, तेवढं मान्य.

पण 'पळाले' हे वाचून डोकंच फिरलं. बहुतेक प्युरिटन पाद्री इंग्लंडमध्येच राहिले. १६६२ चा कायदा आला, सरकारी चर्चच्या प्रार्थनापुस्तकातलं सगळं मान्य आहे असं चर्चमध्ये उभं राहून सांगा नाहीतर २४ ऑगस्टला चालते व्हा. १६६० ते ६२ मध्ये सुमारे २००० जणांची जागा गेली, मॅथ्यूज नावाच्या अभ्यासकाने १९३४ च्या 'कॅलमी रिव्हाइज्ड' या ग्रंथात एकेकाचं नाव, गाव, पुढे काय झालं ते नोंदवलंय, ते चाळा जरा. जागा गेली म्हणजे राहतं घरही गेलं, आणि तारीखही अशी की महिन्याभराने मिळणारा दशांश, म्हणजे गावकऱ्यांच्या उत्पन्नातला पाद्र्याचा दहावा हिस्सा, हातचा जावा. वर १६६५ चा कायदा, राज्यात किंवा चर्चमध्ये बदल करू पाहणार नाही अशी शपथ न घेणाऱ्या पाद्र्याने आपल्या जुन्या गावाच्या किंवा कुठल्याही शहराच्या पाच मैलांत यायचं नाही, सापडलात तर ४० पौंड दंड. बायकापोरं घेऊन जायचं कुठे? यांच्यातल्याच रिचर्ड बॅक्स्टर या पाद्र्याला तर आधी बिशपपद देऊ केलेलं, त्याने नाकारलं, आणि १६८५ ला सत्तरीला टेकलेला असताना एका पुस्तकावरून तुरुंगात गेला. त्याच १६६५ ला लंडनमध्ये प्लेग आला, कितीतरी सरकारमान्य पाद्री शहर सोडून गेले, आणि काढून टाकलेला थॉमस व्हिन्सेंट तिथेच राहून प्रवचनं देत होता. हे पळपुटे?

साधुसंत होते असं नाही. १६४० च्या दशकात सत्ता आली तेव्हा यांच्याच बाजूने राजाकडच्या पाद्र्यांना असंच हाकललं होतं. फक्त तेव्हा बायकामुलांना उत्पन्नाचा पाचवा हिस्सा द्यायचा, निदान कागदावर तरी, असा नियम होता, १६६२ ला तोही नाही.

धर्मस्वातंत्र्याचं तर सोडाच. रॉजर विल्यम्स हा त्यांच्यातलाच पाद्री, त्याला मॅसॅच्युसेट्स या प्युरिटनांच्याच अमेरिकन वसाहतीबाहेर काढलं आणि १६५९ ते ६१ मध्ये तिथल्या बॉस्टनला क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे चार जण फासावर लटकवले.

आणि सालेमला १६९२ मध्ये जाळलं कोणालाच नाही. १९ जणांना फाशी दिली, त्यात पुरुषही होते, आणि त्यातला जॉर्ज बरोज हा त्याच सालेम व्हिलेजचा माजी पाद्री.