बटण एकदा दाबलं, कृती एकच

ऑनलाइन गेममध्ये मॅक्रो, म्हणजे एकदा बटण दाबलं की अनेक कृती आपोआप करून टाकणारी सोय, चालू द्यावेत का, यावरून कोपरखैरण्याच्या आमच्या गेमिंग कॅफेत सध्या रोज वाद पेटतो. माझं मत ठाम आहे. समोर दुसरा माणूस खेळत असेल तर मॅक्रो नको म्हणजे नको. एकदा बटण दाबलं की एकच गोष्ट घडावी, आणि ते कधी दाबायचं, कधी सोडायचं हे खेळणाऱ्यानेच ठरवावं.

‘पैसे मोजून कीबोर्ड घेतलाय, मग त्यातली सोय का वापरू नये?’ असं पोरं विचारतात. ती सोय काय करते ते बघा. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममध्ये पळता पळता गोळी झाडली तर नेम लागत नाही. डावीकडे जाताना ‘ए’ दाबलेलं असतं. झटकन थांबायचं तर ‘ए’ सोडून क्षणभर उजवीकडे नेणारं ‘डी’ दाबायचं. ‘डी’ जरा आधी पडलं तर दोन्ही बटणं एकमेकांना रद्द करतात, उशिरा पडलं तर आपण सरकत राहतो. हा ताळमेळ बसायला महिने जातात. कीबोर्ड बनवणाऱ्या रेझरने जुलै 2024 मध्ये आणलेल्या स्नॅप टॅप या सोयीमध्ये तुमचं बोट ‘ए’वर असलं तरी ‘डी’ दाबल्याक्षणी कीबोर्डच ‘ए’ सोडून देतो. चुकायला जागाच नाही! ऑगस्ट 2024 मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या कंपनीने, वॅल्व्हने, आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशी मदत घेणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली, ते मला शंभर टक्के पटलं. तासाचे पैसे भरून कॅफेच्या साध्या कीबोर्डवर घाम गाळणाऱ्या पोराने महागड्या कीबोर्डशी का हरायचं?

कन्सोलवरचं (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरचं) क्रोनस झेन हे उपकरण तर याच्याही पुढचं. कंट्रोलर आणि कन्सोलच्या मध्ये ते बसवायचं, मग गोळ्या सुटताना वर उचलली जाणारी बंदूक त्यातली स्क्रिप्टच, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या सूचना, खाली ओढून धरते. कॉल ऑफ ड्युटी या गेमच्या रिकोशे या फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेने 2023 मध्ये अशी उपकरणं पकडायला घेतली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मॅक्रो लिहायची सोय गेममध्येच आहे, तरीही एका दाबण्यात अनेक खाती हलवणारी सॉफ्टवेअरं त्या गेमच्या कंपनीला, ब्लिझार्डला, 2020 मध्ये बंद करावीच लागली. एकट्याने खेळायच्या गेममध्ये मात्र कुणी काहीही करो, माझी हरकत नाही.

पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि माझा खरा जीव तिथे तुटतो. ऐरोलीहून आमच्याकडे एक मुलगा येतो. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत जोर नाही. टेबलाखाली त्याने शिलाई मशीनसारखं एक पेडल ठेवलंय, आणि ते घसरू नये म्हणून खाली रबरी पायपुसणं. गेममधली खाली बसायची कृती त्या पेडलवर. गेल्या स्पर्धेत एकाने तक्रार केली की हासुद्धा मॅक्रोच! वडाची साल पिंपळाला. पेडल दाबलं की गेममधलं पात्र बसतं, सोडलं की उठतं, आणि वेळ साधतो तो त्या मुलाचा पाय. मायक्रोसॉफ्टचा 2018 चा अडॅप्टिव्ह कंट्रोलर किंवा सोनीचा 2023 चा अ‍ॅक्सेस कंट्रोलर याच कामासाठी आहेत. त्यांना आडकाठी करणारा नियम मला मान्य नाही.

ज्यांना एकच बटण भराभर दाबणं जमत नाही, त्यांच्यासाठी ‘दाबून धरा’ हा पर्याय कंपनीने गेममध्येच द्यावा, आणि सगळ्यांना द्यावा. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये उडी मारून बॉम्ब फेकणं गेमनेच सोपं करून टाकलं, त्यामुळे त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लागत नाही. हाच योग्य रस्ता आहे.

2025 च्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली, त्याचा आम्हाला केवढा आनंद झाला! मग ठाणे-नवी मुंबईत स्पर्धा भरवणाऱ्यांनी तपासणीही खेळासारखीच करावी. नुसतं सॉफ्टवेअर बंद करायला सांगून भागत नाही, कारण बऱ्याच माउसमध्ये मॅक्रो आतल्या मेमरीत साठवलेला असतो आणि दुसऱ्या पीसीला लावला तरी चालतो. सामन्याआधी प्रत्येक माउस आयोजकांसमोर रीसेट करून घ्या, कीबोर्डची सेटिंगं उघडून बघा. आणि कुणी पेडल किंवा वेगळा कंट्रोलर आणला तर त्याला दारातच अडवू नका. प्रत्येक बटण एकेकदा दाबून दाखवायला सांगा, स्क्रीनवर एकच कृती दिसली की त्याला खेळायला बसू द्या.