रेड झिरो लावून पळणाऱ्यांनो, हा एमडी१२७ तुमचंच पाप!

काय गा ही सर्व्हर लावून देणाऱ्यांची तऱ्हा! चार डिस्क जोडल्या, एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने रेड झिरोची स्ट्राइप बांधली (डेटाचे तुकडे सगळ्या डिस्कवर वाटायचे, जादा प्रत कुठंच नाही), डीडी ही कॉपीची कमांड चालवून डोळे दिपवणारा स्पीड दाखवला, पैसे मोजून घेतले आणि गाडीला किक. टिळकवाडी, शहापूर, निपाणी, कुठंही जा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओत असे अर्धवट सोडलेले सर्व्हर पैशाला पासरी.

तो स्पीडसुद्धा खोटा. 'ओफ्लॅग=डायरेक्ट' (रॅम टाळून थेट डिस्कवर लिही) न देता डीडी मारलं की आकडा येतो रॅमचा. खरं बघायचं तर एफआयओ हे स्पीड मोजायचं साधन लावा, फाइल रॅमच्या दुप्पट घ्या. पण मग आकडा उतरतो ना!

डिस्कही काय जोडतात! दोन ४ टीबीच्या आणि पेटीतली एक जुनी २ टीबीची. एमडी, म्हणजे लिनक्सचा रेड चालवणारा भाग, तक्रार करत नाही. पहिले २ टीबी तिघींवर पसरतो, उरलेला भाग दोघींवरच. म्हणजे हा डिस्कचा संच, हा अ‍ॅरे भरत आला की स्पीड पडणार. त्यात लिनक्स ३.१४ मध्ये या उरलेल्या भागाची मांडणीच बदलली, म्हणून ५.४ पासून कर्नल (लिनक्सचा गाभा) अशा जुन्या अ‍ॅरेला 'डीफॉल्ट लेआउट १ की २' विचारत अडून बसतो. अंदाजाने आकडा ठोकलात तर डेटाची माती. सगळ्या डिस्क एका मापाच्या घ्यायला काय जातं? आणि जुन्या डिस्कवर आधी 'वाइपएफएस -ए' मारून जुन्या खुणा पुसा की! तेही एलएसबीएलकेने निघणाऱ्या डिस्कच्या यादीत सीरियल नंबर ताडून. एसडीबी नावाची डिस्क काल जी होती तीच आज असेल असं कुणी सांगितलं?

वर मालकाला सांगायचं, "रेड आहे, बॅकअप नको." अहो! एका डिस्कची वर्षात जायची शक्यता ३ टक्के धरली, तर चार डिस्कच्या स्ट्राइपची साडेअकराच्या घरात जाते. ५१२ केबीचा एकेक तुकडा आळीपाळीने चौघींवर पडतो. एक गेली की प्रत्येक मोठ्या व्हिडिओला दर चौथ्या तुकड्याचं भोक. स्क्रॅचला (तात्पुरत्या कामाच्या फाइलींना) ठीक, पण मूळ फुटेज दुसरीकडे हवंच.

आता खरा संताप. अ‍ॅरे बनवल्यावर 'एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन'ची ओळ एमडीएडीएम डॉट कॉन्फमध्ये घालून नाव पक्कं करायचं, मग ते बूटच्या वेळीही कळावं म्हणून उबुंटू-डेबियनवर 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू', रेड हॅटच्या घरात 'ड्रॅकट -एफ'. एफएसटॅबमध्ये (बूटला काय जोडायचं त्या यादीत) एमडी० हे नाव लिहायचं नाही, यूयूआयडी हा न बदलणारा ओळख-क्रमांक लिहायचा, सोबत 'नोफेल' (सापडलं नाही तरी बूट अडवू नको). पाच मिनिटांचं काम. तेवढंच नेमकं टाळतात.

महिनोन्महिने रीबूट नाही म्हणून झाकलेलं राहतं. मग आषाढात खानापूरकडून पाऊस झोडपत येतो, लाइट जाते, यूपीएसची बॅटरी मान टाकते. मशीन उठतं तर अ‍ॅरेचं नाव एमडी०ऐवजी एमडी१२७ पडलेलं, आणि एफएसटॅब एमडी०ची वाट बघत दीड मिनिट बसतो. मग काळा पडदा, इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड. तो कुणाला ठाऊक? लावून गेलेल्याला.

त्याला फोन केला तर म्हणे, "डिस्क गेली असेल, नवीन घ्या." अरे बाबा, आधी एकदा 'कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट' तरी मार! चारही डिस्क तिथं एमडी१२७ नावाखाली मजेत बसलेल्या असतात.