ईटनचे 20 पंतप्रधान आणि आत्याचा फॉरवर्ड

आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज मला आतापर्यंत तिघांनी पाठवलाय, म्हणून एकदाच लिहून मोकळा होतो. मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडातल्या ईटन या एका शाळेने 20 पंतप्रधान दिले, राजाने ती गरिबांसाठी काढली, वॉटर्लूची लढाई तिच्याच मैदानांवर जिंकली गेली, तिथे फक्त गुणवत्ता बघतात, आरक्षण नाही. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'आपल्याकडे हे कधी होणार?'

वॉटर्लूचं आधी उरकतो. ते वाक्य त्या लढाईत नेपोलियनला हरवणाऱ्या सेनापती वेलिंग्टनच्या नावावर खपवतात. तो वारला 1852 मध्ये, वाक्य त्याच्या तोंडी घातलं गेलं त्यानंतर. पुढे.

गरिबांसाठी काढली हे खरं, नाइलाजाने मान्य. सहाव्या हेन्रीने 1440 मध्ये 70 गरीब मुलांच्या फुकट शिक्षणाची सोय केली. शिष्यवृत्तीच्या त्या 70 जागा अजून आहेत, पण मिळतात परीक्षेवर. बोरिस जॉन्सन त्यातूनच शिकला. वडील युरोपीय आयोगात अधिकारी! काही गरजू मुलांना फी माफ होते, तेही कबूल. बाकीच्यांना वर्षाला 60 हजार पौंडांच्या वर मोजावे लागतात.

आता गुणवत्ता. इथे माझं डोकं फिरतं. ईटन आजही फक्त मुलांची शाळा आहे. म्हणजे निम्मा देश फाटकाबाहेर, उरलेल्यांतून बहुतेक फी परवडणारे आत, आणि म्हणे आरक्षण नाही! प्रवेश परीक्षा असते, हो. पण तिची तयारी सातव्या-आठव्या वर्षापासून करून घेणाऱ्या प्रेप शाळा, म्हणजे अशा शाळांच्या प्रवेशासाठी मुलांना घडवणाऱ्या खासगी शाळा, त्याही फीवाल्याच. पेपर सगळ्यांना सारखा, तयारी विकतची. पुढे तोच मुलगा मंत्री झाला की छाती काढून सांगतो, मी परीक्षा देऊन आलोय. बापाच्या पैशाला गुणवत्तेचा शिक्का बसतो तो असा.

शिक्षणातल्या विषमतेवर काम करणारी सटन ट्रस्ट ही संस्था आणि ब्रिटनचं सरकारी सोशल मोबिलिटी कमिशन यांचा 2019 चा अहवाल आत्याने बघावाच. खासगी शाळांत शिकलेले देशात 7 टक्के, पण वरिष्ठ न्यायाधीशांत 65, संसदेच्या उमरावसभेत (हाउस ऑफ लॉर्ड्स) 57, वृत्तपत्रांच्या स्तंभलेखकांत 44 टक्के. मला शेवटचा आकडा जास्त टोचतो. राज्य करणाऱ्यांचे कान उपटायचे ज्यांनी, तेही त्याच पंगतीतले.

आणि ते 20 पंतप्रधान? त्यांतले 15 तर 1918 च्या आधीचे, म्हणजे सगळ्या प्रौढ पुरुषांनाही मत नव्हतं तेव्हाचे. उलट 1964 ते 2010 या काळात ईटनचा एकही पंतप्रधान झाला नाही. किराणा दुकानदाराची मुलगी थॅचर त्याच काळातली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ती 46 वर्षं कुठे गिळली?

आत्या, नातवाला पाचगणीला घालायचं तर खुशाल घाल, हवा छान आहे तिथली. पण 'पोरगं हुशार, म्हणून प्रवेश मिळाला' असं ग्रुपवर लिहिशील, तेव्हा खाली फीची पावतीही टाक.