खोक्यावर 2000, केबलमधून 40: पोर्टेबल एसएसडीबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर डेटा ठेवणारा खिशातला ड्राइव्ह, घ्यायची म्हटलं की एक सल्ला हमखास पुढे पाठवला जातो. तो साधारण असा: "खोक्यावर 2000 एमबीचा वेग, आयपी67 हा धूळ-पाण्याचा दर्जा आणि तीन मीटरवरून पडण्याची हमी, एवढं बघा. कंपनी कुठलीही चालेल. एसएसडीत फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती बिघडत नाही आणि वेगळा बॅकअपही लागत नाही." यातला शेवटचा भाग सरळ चूक आहे. आधीचे आकडे खरे असू शकतात, पण ते कोणत्या अटींवर खरे, हे सल्ल्यात कुठेच नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. पुढे ड्राइव्हचे आणि कार्डांचे वेग सेकंदाला मेगाबाइटमध्ये, म्हणजे एमबीमध्ये आहेत, पोर्ट-केबलचे आणि व्हिडिओचे सेकंदाला गिगाबिट किंवा मेगाबिटमध्ये (8 बिट म्हणजे 1 बाइट).

"2000 लिहिलंय म्हणजे 2000 मिळणार"

2000 एमबी देणारे बहुतेक ड्राइव्ह यूएसबी 3.2 जेन 2×2 वर चालतात. त्यात टाइप-सी केबलमधल्या तारांच्या दोन्ही जोड्या वापरून 20 गिगाबिट गाठले जातात. संगणकाच्या पोर्टला हीच पद्धत येत नसेल, तर ड्राइव्ह मुकाट्याने 10 गिगाबिटवर उतरतो आणि वेग 1000 ते 1050 एमबी मिळतो. एम1 ते एम3 चिपच्या मॅकमध्ये 2×2 ची सोय नाही. थंडरबोल्ट 4 चा (टाइप-सी आकाराचाच, पण जास्त वेगवान) पोर्ट 40 गिगाबिटचा असला, तरी 2×2 चा ड्राइव्ह त्यावर बहुधा 10 गिगाबिटवरच चालतो, कारण थंडरबोल्ट 4 मध्ये 2×2 बंधनकारक नाही. 40 गिगाबिटच्या पोर्टचा पूर्ण फायदा हवा असेल, तर ड्राइव्हही यूएसबी4 किंवा थंडरबोल्टचाच लागतो.

यूएसबीची नावं मुद्दाम गोंधळ घालायला ठेवलीत की काय, असं वाटावं इतकी वाईट आहेत. ती विसरून फक्त गिगाबिट वाचा. 5 गिगाबिटला प्रत्यक्षात 400 ते 450 एमबी, 10 ला साधारण 1000, 20 ला साधारण 2000.

यापेक्षा मोठा घोळ केबलचा. फोनच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल बऱ्याचदा यूएसबी 2.0 चीच असते. दिसायला तशीच, दोन्ही टोकांना नीट बसणारी, पण 480 मेगाबिटची. तिच्यातून जेमतेम 40 एमबी मिळतात. 300 जीबीचं चित्रीकरण 1000 च्या वेगाने 5 मिनिटांत उतरतं, या केबलने त्यालाच 2 तासांहून जास्त लागतात. ड्राइव्हसोबत आलेल्या केबलवर आकडा लिहून ठेवा आणि ती चार्जिंगला देऊ नका. वेगळी घ्यायची झाल्यास 10 किंवा 20 गिगाबिट स्पष्ट छापलेली आणि 1 मीटरच्या आतली घ्या.

जोडणी कोणत्या वेगाने झाली ते संगणक सांगतो. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीच्या यादीत ड्राइव्हसमोर वेग दिसतो. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा 'टी' या पर्यायासह चालवली की 480, 5000, 10000 किंवा 20000 मेगाबिट असा आकडा येतो. 480 दिसला तर पहिला संशय केबलवर, मग मधल्या हबवर.

आणि डेटा येतो कुठून? कॅमेऱ्यातल्या यूएचएस-1 प्रकारच्या एसडी कार्डाची कमाल मर्यादा 104 एमबी, यूएचएस-2 ची 312. या कार्डांवरून उतरवताना 2000 चा ड्राइव्ह 1000 च्या ड्राइव्हपेक्षा एक सेकंदही वाचवत नाही. व्हिडिओ संकलनाचं म्हणाल, तर 4के प्रोरेस 422 एचक्यू हा व्हिडिओचा प्रकार सेकंदाला 25 फ्रेमला सुमारे 737 मेगाबिट मागतो, म्हणजे 92 एमबी. अशा तीन धारा एकत्र चालवल्या तरी 300 एमबी होत नाहीत. सीएफएक्सप्रेस या खूप वेगवान कार्डावरून रोज शेकडो जीबी उतरवणाऱ्याने 20 गिगाबिटच्या मागे लागावं. इतरांनी तेच पैसे जास्त क्षमतेत घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

"स्पीड टेस्ट लावा, आकडा तोच येतो"

येतोच, कारण चाचणी छोटी असते. ब्लॅकमॅजिकची चाचणी जास्तीत जास्त 5 जीबीची फाइल लिहिते, क्रिस्टलडिस्कमार्क आपणहून 1 जीबीची. ड्राइव्हचा खरा स्वभाव कळायला ते फार थोडं आहे.

टीएलसी मेमरीच्या एका पेशीत 3 बिट बसतात, क्यूएलसीच्या पेशीत 4. जितके जास्त बिट, तितकं लिहिणं हळू. म्हणून ड्राइव्ह रिकाम्या पेशींत आधी एकेकच बिट भरभर लिहून घेतो आणि सवडीने ते दाबून बसवतो. या तात्पुरत्या जागेला एसएलसी कॅश म्हणतात. ती मोकळ्या जागेतूनच येते. पूर्ण रिकाम्या 1 टीबी टीएलसी ड्राइव्हमध्ये ती फार तर एक तृतीयांश, म्हणजे 330 जीबीच्या आसपास असू शकते, क्यूएलसीत एक चतुर्थांश. बऱ्याच ड्राइव्हमध्ये ती याहून बरीच लहान ठेवलेली असते. ड्राइव्ह तीन चतुर्थांश भरला की ही जागाही आक्रसते. त्यामुळे नवा असताना धावणारा ड्राइव्ह सहा महिन्यांनी रखडतो आणि मालक केबल बदलत बसतो.

कॅश संपल्यावर काय होतं, याचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण सॅमसंगच्या 870 क्यूव्हीओ या संगणकात बसवायच्या क्यूएलसी एसएसडीचं. तिचा लेखनवेग 530 एमबी, पण 1 टीबी मॉडेलमध्ये कॅश संपल्यावर तो 80 वर येतो आणि 2 टीबीपासून पुढे 160 वर, असं कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. 80 म्हणजे फिरत्या तबकडीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कपेक्षाही कमी. मोठ्या क्षमतेत जास्त मेमरी चिप एकाच वेळी लिहितात, म्हणून वेग वाढतो. पोर्टेबल ड्राइव्हचे उत्पादक हा आकडा सहसा छापत नाहीत. क्रुशियलचे एक्स9 आणि एक्स9 प्रो घ्या. दोघांवर वाचनाचा आकडा 1050, नावात एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात क्यूएलसी आणि दुसऱ्यात टीएलसी. मोठ्या फाइली लिहायच्या असतील, तर हा फरक खोक्यावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

खरी चाचणी अशी करा. ड्राइव्ह अर्धा भरा. संगणकाच्या आतल्या वेगवान एसएसडीवरून 200 ते 300 जीबीच्या व्हिडिओ फाइली एका दमात कॉपी करा आणि वेगाकडे लक्ष ठेवा. जिथे आलेख कोसळतो तिथवर कॅश, त्यानंतर जो वेग स्थिर राहतो तो तुमच्या ड्राइव्हचा खरा लेखनवेग. हजारो बारीक फाइली या चाचणीत नकोत. त्यांनी कुठलाही ड्राइव्ह मंदावतो आणि निष्कर्ष चुकतो.

वेग पडण्याचं दुसरं कारण उष्णता. कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, तापला की तो स्वतःला आवरतो. दोन्हींतला फरक ओळखायला कॉपी थांबवून लगेच एखादी मोठी फाइल ड्राइव्हवरून वाचून बघा. वाचनही मंद असेल आणि ड्राइव्हचं अंग चटका देत असेल, तर उष्णता. वाचन पूर्ण वेगाने होत असेल, तर बहुधा कॅश संपलेली आहे. इथे मजबुतीचा एक उलटा परिणाम दिसतो: जाड रबरी कव्हर धक्का शोषतं, पण आतली ऊबही धरून ठेवतं. लांबलचक कॉपी करताना सुटं कव्हर काढा, निदान ड्राइव्ह उन्हात किंवा लॅपटॉपच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवू नका.

"आयपी67 आहे, पाण्यात टाका"

पहिला अंक धुळीचा, 6 म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा पाण्याचा. 7 म्हणजे 1 मीटर खोल, 30 मिनिटं, साध्या गोड्या पाण्यात. 5 म्हणजे 6.3 मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला 12.5 लिटर अशी धार. हे दोन वेगळे प्रकार आहेत: 7 मिळवणारं उपकरण 5 ची धार झेलेलच, असं मानक म्हणत नाही. उघड्यावर काम करताना पाऊस आणि शिंतोडेच जास्त भेटतात, त्यामुळे आयपी65 मध्ये कमीपणा काही नाही. समुद्राच्या पाण्याबद्दल यातला एकही अंक बोलत नाही. पोर्टवर रबरी झाकण असेल, तर ते लावलेलं असेपर्यंतच दर्जा खरा.

जास्त वेग आणि जास्त दर्जा हातात हात घालून येतात, हाही गैरसमज. सॅमसंगचा 1050 एमबीचा टी7 शील्ड आयपी65 आहे, तर 2000 एमबीच्या टी9 ला आयपी दर्जाच नाही.

भिजलेला ड्राइव्ह मरतो तो बहुधा नंतर, ओल्या पोर्टमध्ये केबल खुपसल्यावर. 5 व्होल्ट मिळाले की ओल्या संपर्कपट्ट्या गंजायला लागतात. खारं पाणी गेलं असेल, तर वीज नसताना पोर्ट स्वच्छ पाण्याने धुवा, झटका, तोंड खाली करून काही तास हवेशीर ठेवा. गरम हवा मारू नका आणि पिन घालून कोरू नका.

"तीन मीटरवरून पडला तरी काही होत नाही"

सुटा, केबल न लावलेला ड्राइव्ह पडला तर बहुधा खरंच काही होत नाही. वापरात मात्र तो लॅपटॉपला लोंबकळत असतो, कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकतो आणि सगळा ताण टाइप-सी सॉकेटच्या झाळकामावर येतो. मग केबल जरा हलली की ड्राइव्ह गायब, असा आजार सुरू होतो. 20 ते 30 सेंटिमीटरची मऊ केबल वापरा आणि ड्राइव्ह लॅपटॉपच्या झाकणाला किंवा कॅमेऱ्याच्या केजला (भोवतीच्या धातूच्या चौकटीला) पट्टीने बांधा.

लिहिणं चालू असताना जोड तुटला, तर नुकसान फाइलींचं होतं. मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालणाऱ्या एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नसतं, त्यामुळे अर्धवट लिहिलेल्या नोंदीतून अख्खं फोल्डर जाऊ शकतं. फक्त मॅक असेल तर एपीएफएस, फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस घ्या. एक्सफॅट लागतच असेल, तर दर वेळी इजेक्ट करूनच काढा.

"फिरणारे भाग नाहीत, म्हणून बॅकअप नको"

हार्ड डिस्क मरताना अनेकदा कुरकुरते, अडखळते, थोडी सूचना देते. एसएसडीचा कंट्रोलर किंवा फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) गेलं की ड्राइव्ह एका क्षणात दिसेनासा होतो. 2023 मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम आणि एक्स्ट्रीम प्रो मालिकेतले काही ड्राइव्ह अचानक तुटू लागले, डेटा वाचता येईना, आणि सॅनडिस्कची तेव्हाची मालक कंपनी वेस्टर्न डिजिटल हिला फर्मवेअर दुरुस्ती काढावी लागली. धूळ-पाण्याचा दर्जा त्या ड्राइव्हनाही होताच. अनेक मॉडेलांत कंट्रोलर सगळा डेटा कायम एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात, लिहितो, त्यामुळे तो जळाला तर मेमरी चिप सोडवून काढूनही हाती काही लागत नाही.

कपाटात ठेवलेल्या ड्राइव्हचंही बघा. पेशींतला विद्युतभार हळूहळू गळतो. जेडेक या मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, तिच्या आयुष्यासाठी ठरलेलं सगळं लेखन संपल्यानंतर, विजेशिवाय 30 अंशांना 1 वर्ष डेटा टिकवायचा असतो. कमी वापरलेला ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकतो, गरम जागी ठेवलेला कमी. वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या डेटासाठी हार्ड डिस्कच बरी. तीही एक नको, दोन घ्या.

"कंपनी कुठलीही चालेल"

16 टीबी, चिमुकला डबा, कवडीमोल किंमत: आत बहुधा एक मेमरी कार्ड आणि खोटी क्षमता सांगणारं फर्मवेअर असतं. खरी जागा संपली की ते जुन्या डेटावरच लिहीत जातं, फाइलींची नावं मात्र दिसत राहतात. ओळखण्याचा मार्ग एकच: पूर्ण क्षमता भरून ती परत वाचून बघणं. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ3 हे काम करतात. मोठ्या ड्राइव्हला काही तास लागतील. ते माल परत करायची मुदत संपायच्या आत द्या, आणि चाचणी पूर्ण होईपर्यंत त्यावर कामाची एकही फाइल ठेवू नका.