‘एक गाठ काढली, बाकीच्या तशाच ठेवल्या’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार.

तुम्ही आमच्या दवाखान्याला एक तारा देऊन लिहिलंय की, मुलाच्या छातीवर आणि काखेत वीस-पंचवीस गाठी असताना आम्ही एकच काढली, ती तपासायला पाठवून वेगळे पैसे घेतले आणि शेवटी ‘नवीन येत राहतील’ असं सांगून घरी धाडलं. खानापूरहून येऊन दोन तास ताटकळलात, सह्यांचे कागद कन्नड-इंग्रजीत होते आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही. मुलाची फाइल मी इथे उघडणार नाही. आजाराचं नाव तुम्हीच लिहिलंय, स्टिॲटोसिस्टोमा मल्टिप्लेक्स, म्हणजे कातडीत तेलाने भरलेल्या अनेक गाठी होण्याचा आजार, तेव्हा त्याबद्दलच बोलते.

आधी ते न जेवलेले दिवस. चूक माझी. ‘तुकडा तपासायला पाठवते’ म्हटलं की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच रोग उभा राहतो, हे मला माहीत असायला हवं होतं. ‘ही कॅन्सरची गाठ वाटत नाही, फक्त नाव पक्कं करायचंय’ हे मी आधी बोलायला हवं होतं. मुलाच्या आईची मी मनापासून माफी मागते.

आता तपासणी कशाला, ते. या गाठी साध्या मुरमासारख्या किंवा चरबीच्या गाठीसारख्या दिसतात. वयात येताना सुरू होतात, त्यामुळे सुरुवातीला मुरमाची मलमं मिळणं नवल नाही. आधीच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. नेहमीच्या गाठीवर बहुधा काळा ठिपका असतो आणि दाबली तर घट्ट, वासाचा पांढरा लगदा येतो. या गाठीला सहसा तो ठिपका नसतो. बारीक छेद दिला की पिवळसर, वितळत आलेल्या लोण्यासारखं तेल बाहेर येतं. मग बारीक चिमट्याने आतली पिशवी ओढून काढायची. ती कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ असते आणि तिचा तुकडा जरी आत राहिला तरी गाठ पुन्हा भरू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पिशवीचं अस्तर नागमोडी दिसतं आणि भिंतीला तेलग्रंथी चिकटलेल्या असतात. नाव पक्कं होतं ते तिथे. एवढ्यासाठी एक गाठ पुरते.

बाकीच्या का नाही काढल्या? छातीची कातडी. छातीच्या मधल्या भागावर छेदाचा वण फुगून गाठीपेक्षा मोठा, लालसर, खाजरा होण्याची भीती जास्त असते. वीस गाठी काढून वीस केलॉइड, म्हणजे असे फुगलेले वण, दिले, तर ते मुलगा जन्मभर अंगावर वागवेल. म्हणून एक जागा आधी करायची, तीन महिने वण कसा बसतो ते पाहायचं, मग ज्या दुखतात किंवा सारख्या सुजतात त्या थोड्या-थोड्या काढायच्या. लेझरनेही भोक पाडून काढता येतात, पण पिशवी तिथेही ओढावीच लागते. गोळ्यांनी सूज-पू कमी होतो, पिशव्या जात नाहीत. ‘मुळापासून घालवतो’ असं मी खोटं सांगू शकले नाही. घरी सुईने फोडू मात्र नका. आत पिशवी फुटली की ती जागा पिकते आणि वण राहतो.

पैशांचं: लॅबचा खर्च वेगळा असतो, तो मी छेद देण्याआधी सांगायला हवा होता. आता दरांचा फलक बाहेर लावलाय. आणि कागदांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. बेळगावात बसून, निम्मे पेशंट माझ्याशी मराठीत बोलत असताना, संमतीपत्र मराठीत नसावं याची मला लाज वाटली. ते आता मराठीत छापून घेतलंय आणि सही घेण्याआधी वाचून दाखवतो. लांबून बसने येणाऱ्यांना सकाळचे पहिले नंबर देतोय.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. लॅबमधून काचपट्टी आणि काढलेली गाठ ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा मागून घ्या, म्हणजे पुन्हा छेद द्यावा लागणार नाही.

एक विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. घराण्यात चालत असेल तर हा आजार पुष्कळदा केराटिन १७ या प्रथिनाच्या जनुकातल्या बिघाडाने येतो आणि आई-बापापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. घरात कुणाला नसतानाही तो होतो, तेव्हा कुणी कुणाला बोल लावू नये. पण भावंडांत, काका-आत्यांत कुणाला अशा गाठी आहेत का, कुणाची नखं लहानपणापासून जाड, वाकडी आहेत का, जन्मताच दात असलेलं मूल झालं होतं का, एवढं आजीला विचारा. आपल्याकडे तसल्या मुलाला अपशकुनी म्हणून गप्प बसवतात, त्यामुळे आजी पटकन सांगणार नाही. जरा जवळ बसून विचारा. याच जनुकाच्या बिघाडाने होणाऱ्या एका दुसऱ्या आजारात या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात.

पुढच्या वेळी येताना ही माहिती आणि रिपोर्ट दोन्ही घेऊन या. तपासणी फी घेणार नाही. रिपोर्टची ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगेन. मुलाच्या आईलाही सोबत आणा.

— डॉक्टर, त्वचारोग दवाखाना, बेळगाव